ओली गोधडी आणि लहान लेकरू

(मंडळीच्या महिला मेळाव्यात दिलेले भाषण, वाचकांसाठी थोडे संक्षिप्त करून)





पाड्यांवरील लहान मुलांच्या संगोपनाविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. हा विषय निघाला की आम्ही कार्यकर्ते सहसा कुपोषण, लसीकरण आणि शाळागळती यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण आज मी अशी एक गोष्ट घेऊन उभी आहे, जी कोणत्याही वार्षिक अहवालात येत नाही. ती म्हणजे सकाळी उठल्यावर ओली सापडणारी गोधडी. आपल्यापैकी काही जणी हसल्या. हसा, हरकत नाही. इथे बसलेल्या प्रत्येक आईने ती धुतलेली आहे.

पण याच ओल्या गोधडीपायी एखादे लेकरू रोज सकाळी मार खाते, एखादे रात्री तहानलेले झोपते आणि एखादे वसतिगृहातून घरी पाठवले जाते. म्हणून या विषयाला लाजून चालणार नाही.

दिवसाची सवय आणि रात्रीची सवय

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा आयांना दिवसाची सवय लावण्यासाठी कोणी शिकवावे लागत नाही. लेकरू नुसता सदरा घालून अंगणात फिरते. शू झाली की ती त्याला स्वतःला दिसते, पायाला लागते. मोठी बहीण हात धरून घराच्या कडेला नेते. दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत ते आपले आपण बाहेर पळू लागते. आपल्या आज्याही तान्ह्या बाळाला दोन पायांवर बसवून ‘शू शू’ करत, ते याच जातीचे शिकवणे होते. पाहून, ऐकून, रोज तेच करून मूल शिकते.

मग आईला वाटते, दिवसा कळते तर रात्री का कळत नाही? मुद्दाम करतो, आळशी आहे, लाडावला आहे. बहिणींनो, आज माझी एवढी एकच गोष्ट घरी घेऊन जा. दिवसाची सवय शिकवून लागते. रात्रीचा कोरडेपणा शरीर पिकल्यावर येतो. झोपलेल्या मुलाला कोणी शिकवू शकत नाही.

यामागे तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे लघवीची पिशवी. मुलाच्या वयात 1 मिळवायचा आणि 30 ने गुणायचे, म्हणजे पिशवीत साधारण किती मिलिलिटर मावते ते कळते, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. तीन वर्षांच्या मुलाची पिशवी 120 मिलिलिटरची, म्हणजे चहाच्या एका लहान कपाएवढी. त्या कपात रात्रभराची लघवी कशी मावणार?

दुसरे कारण मेंदूतले आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात रात्री एक संप्रेरक वाढते आणि ते मूत्रपिंडांना सांगते, आता लघवी कमी करा. म्हणून आपण सहा-सात तास झोपू शकतो. लहान मुलांत ही व्यवस्था हळूहळू बसते, कोणात लवकर, कोणात उशिरा. तिसरे कारण जाग. पिशवी भरल्याचा निरोप झोपेतल्या मेंदूला पोहोचावा लागतो, आणि काही मुलांची झोप इतकी गाढ असते की तो निरोप दारातूनच परत जातो.

पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात. म्हणून पाच वर्षांपर्यंत डॉक्टर याला आजार म्हणतच नाहीत. त्यानंतरही अशा शंभर मुलांतली पंधराएक मुले दर वर्षी काहीही औषध न घेता आपोआप कोरडी होतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त दिसते. आणि हे घराण्यातही चालते. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी असे होत असेल, तर मुलालाही होण्याची शक्यता बरीच वाढते. दोघांनाही होत असेल तर आणखी जास्त. लेकराला रागावणाऱ्या एखाद्या बापाला मी आजीसमोरच विचारते, “दादा, तुमची गोधडी कधीपर्यंत ओली होत होती?” आजी तोंडाला पदर लावून हसते, आणि दादांचा आवाज खाली येतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने एका शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजते आणि वाढते, पण कसे वाढते ते त्यालाही ठाऊक नसते. तो दाखला देवाच्या राज्याचा आहे, हे मी विसरलेली नाही. पण झोपलेल्या लेकराकडे पाहताना मला तो नेहमी आठवतो. पेरणी, निंदणी, राखण हे आपले काम. कणसात दाणा भरायला मात्र त्याचा वेळ लागतो. कणीस ओढून कोणी दाणा लवकर भरवू शकलेले नाही.

आधी दुपार, मग रात्र

सुरुवात दुपारच्या झोपेपासून करावी. दुपारची झोप तास-दीड तासाची असते, त्यामुळे बहुतेक मुले आधी दुपारची कोरडी होतात. आमच्या बालवाडीत खिचडी खाऊन झाली की ताई सगळ्या मुलांना रांगेने शू करायला नेतात. आली असो वा नसो, बसायचे. मग हात धुऊन चटईवर. चटईखाली मेणकापड, वर जुन्या लुगड्याची घडी. मूल डोळे उघडताच, त्याला खेळायला सोडण्याआधी, पुन्हा शू करायला नेतात. कारण पुष्कळ मुले झोपेत ओली होत नाहीत, तर जागी झाल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत होतात. एवढी वेळ सांभाळली तरी ओल्या चड्ड्या बऱ्याच कमी होतात. झालेच, तर ताई चड्डी बदलतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्या ना ओरडत, ना लाडाने समजावत बसत. मुलाला त्यातून कळते की ही मोठी गोष्ट नाही.

दुपारची झोप सतत कोरडी जाऊ लागली, सकाळीही मधूनमधून कोरडे अंथरूण सापडू लागले, की रात्रीची वेळ जवळ आली असे समजावे. ही चिन्हे दिसण्याआधी घाई करणे म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

शहरातल्या आमच्या मैत्रिणी विचारतात, रात्रीचा डायपर कधी काढायचा? उत्तर तेच. आठवडा-दोन आठवडे सकाळी डायपर बहुतेक कोरडा निघत असेल, तर काढून पाहा. रोज ओला होऊ लागला, तर मुकाट्याने पुन्हा घाला आणि दोन महिने थांबा. यात मुलाची हार नाही आणि आईचीही नाही.

रात्री काय करावे

दिवसभर पाणी भरपूर पाजावे. पुष्कळ मुले शाळेत, खेळात पाणी पीतच नाहीत आणि संध्याकाळी एकदम दोन तांबे पितात. सकाळी आणि दुपारी पाणी पोटात गेले, तर संध्याकाळची तहान आपोआप कमी होते. संध्याकाळचा चहा मात्र बंद करावा. पाड्यावर तीन वर्षांच्या मुलालाही कपभर कोरा चहा मिळतो. चहाने लघवी वाढते आणि झोपही बिघडते. जेवणात भाजी, डाळ, फळ असावे. शी घट्ट होऊन पोटात साठली की ती लघवीच्या पिशवीवर दाब देते. कितीतरी मुलांचे अंथरूण ओले होण्याचे मूळ बद्धकोष्ठात असते, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

झोपण्यापूर्वी दोनदा शू करायला न्यावे. एकदा जेवण झाल्यावर आणि एकदा अगदी अंथरुणावर टेकण्याआधी. मध्यरात्री आई उठवून नेत असेल तर हरकत नाही, पण मुलाला पूर्ण जागे करावे. झोपेतच खांद्यावर टाकून नेले, तर गोधडी वाचते, मूल काही शिकत नाही.

आता एक गोष्ट खास पाड्यांची. रात्री मूल उठले तरी जाणार कुठे? दार उघडले की मिट्ट काळोख. आमच्या भागात मण्यार आहे. हा साप रात्रीच फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. ज्या घरात असे काही घडून गेले आहे, तिथले मूल दाराबाहेर पाऊल टाकत नाही. ते गोधडीतच शू करते. त्याला आळशी म्हणणे अन्याय आहे. म्हणून आम्ही सांगतो, घराच्या कोपऱ्यात झाकणाचा डबा ठेवा, उशाशी बॅटरी ठेवा, आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. सकाळी डबा संडासात रिकामा करून धुवावा. लहान मुलांची शीसुद्धा संडासातच टाकावी. तान्ह्याची शी निर्मळ असते, हा समज खोटा आहे. तिच्यातही जुलाबाचे जंतू असतात.

पाणी तोडू नका

बहिणींनो, आता जे सांगते ते नीट ऐका. गोधडी कोरडी राहावी म्हणून संध्याकाळनंतर मुलाला पाणीच द्यायचे नाही, हा उपाय घरोघरी आणि वसतिगृहांतून चालतो. झोपण्याआधीच्या तासात पाणी बेताने द्यावे, इतके ठीक आहे. पण तहानलेल्या मुलाला पाणी नाकारू नये. आणि आदिवासी भागात तर हा उपाय जिवावर बेतू शकतो.

याचे कारण सिकलसेल. आपल्या नंदुरबार, गडचिरोली, अमरावतीच्या आदिवासी भागांत हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. याच आजारात मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच कमी होते. त्यामुळे अशा मुलांना पातळ लघवी जास्त होते, रात्रीही होते, आणि मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओले होत राहते. म्हणजे ज्या मुलाची गोधडी रोज ओली, त्याच मुलाला पाण्याची गरज सगळ्यांत जास्त असू शकते. त्याचे पाणी तोडले की रक्त दाटते आणि दुखणे उसळते.

हे मी पुस्तकात वाचले होते. नंतर डोळ्यांनी पाहिले. एका वसतिगृहात पहिलीत शिकणारी सहा वर्षांची मुलगी होती. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. मुलगी रोज अंथरूण ओले करी, म्हणून संध्याकाळी पाचनंतर तिला पाणी बंद केले होते. वसतिगृह कोणते ते सांगत नाही, आणि तिथल्या बाईंना दोषही देत नाही. त्यांच्याकडे साठ मुली होत्या आणि दोन नळ होते. मुलगी रात्री पाय दुखतात म्हणून रडायची, तेही लाडाचे रडणे समजले जाई. आम्ही तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. डोळे पिवळसर होते, अंगात रक्त कमी होते. तपासणीत सिकलसेल निघाला.

आज तिच्या उशाशी पाण्याची बाटली असते. औषध चालू आहे. अजूनही काही रात्री तिचे अंथरूण ओले होते. ते उन्हात पडते, आणि कोणी काही बोलत नाही.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. आदिवासीबहुल भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरवले होते. आपल्या भागातील आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. हातापायांच्या बोटांना सूज, सांधेदुखी, डोळ्यांत पिवळेपणा, सारखा ताप यांपैकी काही असेल आणि गोधडीही ओली होत असेल, तर वाट पाहू नका.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे झोपणारे मूल एकाएकी अंथरूण ओले करू लागले, लघवी करताना जळजळ होऊ लागली, लघवीत रक्त दिसले, सारखी तहान लागून वजन घटू लागले, दिवसाही थेंब थेंब गळू लागले, तर डॉक्टरांकडे न्यावे. कधी कधी शरीर ठीक असते, पण मनाला धक्का बसलेला असतो. घरात भांडण, आईचे कामासाठी दूर जाणे, नवे बाळ, वसतिगृहातली पहिली रात्र. आणि बहिणींनो, एखाद्याने त्या मुलाशी वाईट वर्तन केले आहे का, हेही शांतपणे पाहावे लागते. मारणाऱ्या घरात मूल हे कधीच सांगणार नाही.

लाज आणि मार

माराने गोधडी कोरडी झाल्याचे मी वीस वर्षांत एकदाही पाहिले नाही. मारून मुटकून मूल रात्री जागे राहायला शिकते, ओले फडके लपवायला शिकते, खोटे बोलायला शिकते. ओली चादर अंगावर घेऊन उभे करणे, वर्गात नाव घेणे, भावंडांसमोर टोपणनाव ठेवणे, या गोष्टी माराहूनही खोल लागतात. पौलाने इफिसकरांच्या पत्रात बापांना बजावले आहे की लेकरांना डिवचून त्यांचे मन कडू करू नका. आणि शिष्यांनी मुलांना अडवले, तेव्हा प्रभू मुलांवर रागावला नाही, शिष्यांवर रागावला. मुलांनी आधी स्वच्छ होऊन यावे, अशी अट त्याने घातली नव्हती.

ज्या वसतिगृहांशी आमचा संबंध आहे, तिथे आम्ही एक साधा नियम केला. सकाळी सगळ्याच मुलांनी आपापली अंथरुणे बाहेर आणून दोरीवर टाकायची. ओली असो, कोरडी असो. सगळ्यांच्याच चटईखाली मेणकापड. त्यामुळे कोणाची गोधडी ओली, हे शेजारच्या मुलालाही कळत नाही. पहाटे एक ताई कंदील घेऊन फिरतात. ज्याला कपडे बदलायचे, तो गुपचूप त्यांच्याकडे जातो. या नियमाला पैसे लागले नाहीत. मोठी मुले कोणाला चिडवेनाशी झाली, आणि घरी पळून जाणारी लहान मुले राहू लागली.

आपण काय करू शकता

आपण प्रत्येक वर्षी मुलांसाठी प्रेमाने वस्तू पाठवता. काही बहिणी विचारतात, डायपर पाठवू का? तुमची कळकळ कळते, पण पाड्यावर कचरा नेणारी गाडी येत नाही. ते डायपर ओढ्यात जातात किंवा चुलीत. त्याऐवजी मेणकापड पाठवा, जुन्या सुती साड्या आणि चादरी धुऊन पाठवा, लहान मापाच्या चड्ड्या पाठवा, सौरदिवे आणि बॅटऱ्या पाठवा. झाकणाच्या पाण्याच्या बाटल्या पाठवा.

आणि एक देणगी अशी आहे जिला टपाल लागत नाही. आपल्या स्वतःच्या घरात, नातवंडांत, कामाला येणाऱ्या ताईंच्या लेकरांत एखादे मूल असे असेल, तर त्याला सांगा, “बाळा, हे पुष्कळांना होते. तुझी चूक नाही. थांबेल.” पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर त्याची पुढची सकाळ वेगळी उगवते.

या उसाच्या हंगामात ज्यांची लेकरे मागे राहिली आहेत त्या आयांची, रात्री कंदील घेऊन फिरणाऱ्या आमच्या ताईंची आणि त्या लहान मुलीची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा. डोळे न मिटता राखण करणारा देव आपल्या सर्वांच्या लेकरांना राखो.

आमेन.